डिस्टिंग्विश म्हणजे करायचं काय?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात मुख्याध्यापक घेनंद सरांनी दिव्याच्या आईला, विजयश्रीला, बोलावून घेतलं आणि टेबलावरून एक छापील फॉर्म तिच्यापुढं सरकवला. सरकवताना सर अगदी गोड हसले. शाळेतली माणसं एवढं गोड हसायला लागली की पालकांनी समजून घ्यावं, पुढं काहीतरी कडू येतंय.

"दिव्या हुशार आहे, ताई. मराठीत विचारलं तर फडाफडा सांगते. पण पेपर येतो इंग्रजीत, आणि तिथं तिची गाडी अडते. विज्ञानात चाळीसपैकी अकरा. गणितात नुसती आकड्यांची उदाहरणं सोडवलीत, वाचून सोडवायची सगळी कोरी." सरांनी चष्मा काढून पुसला. "मी म्हणतो, सेमीचा हट्ट कशाला? मराठी तुकडीत टाकू तिला. दहावीला हसत ऐंशी टक्के पाडेल. इथं सही करा."

सेमी म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. चाकणच्या त्या शाळेत नववीला सेमीची एकच तुकडी होती आणि दिव्या तिच्यात होती. खरं सांगायचं तर सरांचं काही चुकत नव्हतं. मराठीत शिकून माणसं मोठी होतात हे विजयश्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तिला आणखी एक गोष्ट माहीत होती आणि ती सरांना माहीत नव्हती. बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी ती स्वतः मराठीतून दहावी झाली होती, विज्ञानात वर्गात पहिली. मोठ्या हौसेनं तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला गेली आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर जे उमटलं त्यातलं तिला काही म्हणता काही कळलं नाही. विषय तेच होते, तिच्या रोजच्या ओळखीचे. नावं तेवढी सगळी बदललेली. सहा महिने ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसली आणि सातव्या महिन्यात गेलीच नाही. घरच्यांना वाटलं, पोरीला शिक्षणाची गोडी नाही. तिनंही तसंच वाटू दिलं. अठरा वर्षं झाली त्याला, पण ते सलायचं काही थांबलं नव्हतं.

दिव्याला बारावी सायन्स करून फार्मसीला जायचं होतं. आज मराठी तुकडीत जाऊन ऐंशी टक्के पाडायचे आणि दोन वर्षांनी त्याच भिंतीवर जाऊन कपाळ आपटायचं, हे विजयश्रीला लख्ख दिसत होतं. तिनं फॉर्म वाचला, घडी न घालता परत सरकवला.

"सही नाही करत, सर. पुढची चाचणी कवा असती?"

"जानेवारीच्या शेवटी. विज्ञानाची, पंचवीस मार्कांची. पण ताई, अडीच महिन्यांत काय होणार?"

दाराशी विज्ञानाच्या पूनम मॅडम उभ्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "सर, पंधरा पडले तर राहू द्या तिला."

घेनंद सरांनी फॉर्म आपल्याकडं ओढला. "पंधरा. त्याच्या खाली नाही. तोवर फॉर्म माझ्याकडं."

बाहेर व्हरांड्यात पूनम मॅडमनी दुखणं नेमकं सांगितलं. दिव्याचं विज्ञान कच्चं नव्हतं. धड्यातले लांबलचक शब्दही ती पाठ करायची. कच्चे होते ते प्रश्नातले शब्द. डिस्टिंग्विश, जस्टिफाय, एस्टिमेट, इन्फर. प्रश्न आपल्याला काय करायला सांगतोय हेच तिला उमगत नव्हतं, मग उत्तर येत असून काय उपयोग? मॅडमनी पर्समधून चार पानांची यादी काढून दिली. सगळ्या शालेय विषयांत पुन्हा पुन्हा येणारे साडेतीनशे शब्द, प्रत्येकापुढं मराठी अर्थ.

साडेतीनशे! विजयश्रीला हायसंच वाटलं. आकडा मिळाला की तिला बरं वाटायचं. महाळुंग्यातल्या ज्या कंपनीत ती अकरा वर्षं कामाला होती तिथं दुचाकीचे बुश बनत, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी नळ्या. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल तिच्याकडं होतं. तिच्या हाताखालून न जाता एक नळी बाहेर पडत नसे. अशा बाईला साडेतीनशे शब्दांची काय मातब्बरी?

त्याच संध्याकाळी तिनं ओट्याशेजारच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरची पाठ चिकटवली आणि तीन रकाने आखले. तारीख, टार्गेट, ॲक्चुअल. रोज दहा शब्द. ती पोळ्या लाटायची, दिव्या अर्थ म्हणून दाखवायची, आणि दहा झाले की ती पिठाच्या हातानं आकडा टाकायची. चाकणला प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, काम करणारा दिव्याचा बाप, सुजित, पहिल्या दिवशी दारातच थबकला.

"आयला, घरात पण प्रॉडक्शन चालू झालं का राव?"

"तुमचं सेटिंग बिघडू देऊ नका, हात धुवा," विजयश्री म्हणाली.

"मम्मी, रविवारी तरी सुट्टी दे ना," दिव्यानं विचारून बघितलं.

"रविवारी डबल ओव्हरटाइम."

डिसेंबरच्या मध्यावर तक्ता भरला. एकाही दिवशी ॲक्चुअलचा आकडा टार्गेटच्या खाली नव्हता. विजयश्री येता-जाता त्याच्याकडं बघून खूश व्हायची, ज्या खुशीनं एखादी बाई उन्हात वाळणाऱ्या आपल्या पापडांकडं बघते. मग पूनम मॅडमनी सरावाचा पेपर घेतला आणि दिव्याला पंचवीसपैकी सात पडले.

"सगळे शब्द येत होते गं," दिव्या रडत म्हणाली. "तरी काय लिहायचं तेच कळत नव्हतं."

"येत होते तर मग लक्ष कुठं होतं तुझं?" विजयश्री कडाडली. पोरीचा चेहरा एवढासा झाला. बोलल्यावर विजयश्रीला स्वतःचाच राग आला. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि ती मुकाट्यानं भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी ती शिफ्ट संपवून चारला घरी आली तर घरमालकीण रुक्मिणीबाई ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या. रुक्मिणीबाई म्हणजे महाळुंग्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. जमीन बरीचशी कंपन्यांत गेली, उरल्या तुकड्यात कांदा, आणि मागच्या आवारात भाड्याच्या बारा खोल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण बारा बिऱ्हाडांपैकी कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्या वासावरून सांगत. शाळेला सुट्टी होती, त्यामुळं शेजारी पायरीवर दिव्या यादी घेऊन पुटपुटत होती.

"डिस्टिंग्विश म्हणजे फरक स्पष्ट करणे. डिस्टिंग्विश म्हणजे फरक स्पष्ट करणे."

"आगं, सकाळधरनं त्येच म्हंतीयास," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मंजी करायचं काय?"

"फरक स्पष्ट करायचा, आजी."

"व्हय, पर मंजी करायचं काय?"

दिव्यानं यादीत पाहिलं. यादीत तेवढंच होतं.

विजयश्री दारात चप्पल काढता काढता तशीच उभी राहिली. अकरा वर्षं जी चूक ती दुसऱ्यांच्या मालात शोधत आली होती, ती तिच्याच ओट्याशेजारी भिंतीवर टांगलेली होती. कंपनीत बुश नुसते मोजून पेटीत भरत नाहीत. प्रत्येक बुशाच्या भोकात गेज घालून बघतात. गेज म्हणजे दोन टोकांची पोलादी दांडी. एक टोक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं, किंचित जाड असलेलं, आत जाताच कामा नये. एक टोक लावून दुसरं विसरणाऱ्या कित्येकींना तिनं फैलावर घेतलं होतं. आणि घरी? घरी महिनाभर तिनं पोरीचे शब्द मोजून पेटीत भरले होते. एकालाही गेज लावला नव्हता.

ती घरात गेली, तक्ता भिंतीवरून ओढून काढला आणि त्याचा बोळा करून चुलीशी, म्हणजे गॅसशी, ठेवून दिला. मग बाहेर येऊन पायरीवर दिव्याजवळ बसली.

"काल तुला उगं बोलले. तुझं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं. आता रोज चारच शब्द."

"चार? पण मम्मी, साडेतीनशे आहेत."

"राहू दे. जेवढे होतील तेवढे पक्के. प्रत्येक शब्दाला दोन टोकं. कुठं लावता येतो ते सांगायचं, आणि कुठं लावलेला चालत नाही तेबी सांगायचं. दोन्ही सांगितलं तरच पास. न्हाईतर त्याची चिठ्ठी लाल डब्यात, कंपनीतल्या नापास मालासारखी." तिनं रुक्मिणीबाईंकडं पाहिलं. "आणि मावशी, शेवटचं चेकिंग तुमचं. तुम्हाला कळलं तर माल ओके."

"आन न्हाई कळलं तर?"

"तर तुम्ही माल परत पाठवायचा."

रुक्मिणीबाईंना हे काम मनापासून आवडलं. दुसऱ्याचं काम परत पाठवण्यात त्यांची हयात गेली होती.

पहिला शब्द अर्थातच डिस्टिंग्विश. रुक्मिणीबाईंनी पुढ्यातल्या दोन काड्या उचलल्या. एक मेथीची, एक मेथीत उगवलेल्या गवताची. "ही ठिवली, ही टाकली. का सांग." दिव्यानं दोन्ही हातात घेऊन निरखल्या. मेथीचं पान तीन पानांचं, गवताचं लांब आणि एकेरी. मेथीच्या देठाला वास, गवताला नाही. "असं एकापुढं एक मांडायचं, त्याचं हे, ह्याचं ते!" ती ओरडलीच. पेपरात तिनं आम्ल आणि अल्कली दोघांची माहिती दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहून ठेवली होती, एकमेकांकडं न बघणाऱ्या शेजाऱ्यांसारखी. "आणि कुठं चालत नाही?" विजयश्रीनं विचारलं. दिव्यानं जरा विचार केला. "एकच गोष्ट दिली असेल तर. तिथं डिस्क्राइब, म्हणजे वर्णन करा, असं विचारतील." माल ओके.

एस्टिमेटला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी दिव्यानं "अंदाज" म्हटलं आणि रुक्मिणीबाईंनी परत पाठवला. "अंदाज तर आमचा म्हाताराबी करायचा लगनात, जेवायला किती मानसं येतील म्हून. दरयेळी चुकायचा." दुसऱ्या दिवशी त्या तिला मागच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. तिथं कांद्याचा ढीग होता. त्यांनी एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सतरा-अठरा पिशव्या."

"आजी, मोजल्या कधी?"

"मोजल्या न्हाईत. त्या कोपऱ्यात भिंतीला लागून पाच बसत्यात, म्हाईत हाय. आसं तीन येळा केलं की इथवर येतं. वरचा ढीग दोन-तीनाचा."

दिव्यानं बोटानं ढिगाचे तीन भाग मोजून पाहिले, आणि मग घरात पळत येऊन सांगितलं की एस्टिमेट म्हणजे उगाच ठोकून दिलेला आकडा नव्हे. माहीत असलेल्या गोष्टीवरून काढलेला, जवळपास जाणारा आकडा. आणि जिथं मोजून नेमकं उत्तर मागितलंय तिथं तो चालायचा नाही. विजयश्रीनं चिठ्ठी लाल डब्यातून काढून घेतली.

जस्टिफायच्या दिवशी तर भांडण झालं. आवारातला नळ कुणीतरी चालू ठेवून गेलेलं आणि रुक्मिणीबाईंनी सरळ दिव्यावर आळ घेतला. "मी नाही!" दिव्या म्हणाली. "कशावरनं न्हाई?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. दिव्या चिडली, पण चिडूनही तिनं बोटं मोजली. मी शाळेतून साडेपाचला आले, तेव्हा हौद भरून वाहत होता. म्हणजे नळ त्याच्या आधी चालू झाला. त्या वेळी मी बसमध्ये होते, आणि माझ्याबरोबर चार नंबरच्या खोलीतली छबूबाई होती, तिला विचारा. रुक्मिणीबाई हसायला लागल्या. नळ त्यांनीच चालू ठेवला होता. "पटलं," त्या म्हणाल्या. "'मी न्हाई' येवढंच म्हनून बसली आसतीस तर न्हाई पटलं."

जानेवारी संपेपर्यंत दीडशेच्या वर शब्द काही झाले नाहीत. दोनशे तसेच राहिले, आणि विजयश्रीला अधूनमधून धडकी भरायची. सोपं आता काही नव्हतं. कधी एकाच शब्दावर चार-चार दिवस जायचे, कधी दिव्या कंटाळून वही भिरकावायची, कधी विजयश्री शिफ्टवरून इतकी दमून यायची की भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागायचा. पण एकही दिवस त्यांनी सोडला नाही. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीला तीळ लावता लावता इन्फर, म्हणजे अनुमान काढणं, पास झाला.

चाचणी झाली. आठवड्यानं घेनंद सरांचा निरोप आला. विजयश्रीनं दोन तासांचा गेटपास घेतला आणि कंपनीच्या निळ्या कोटातच शाळेत गेली. दिव्या आधीच ऑफिसात उभी होती, नजर फरशीवर. पूनम मॅडमच्या हातात उत्तरपत्रिका होती. टेबलावर तोच फॉर्म.

"चौदा," घेनंद सर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत. "मला खरंच वाईट वाटतं, ताई. पण आपलं ठरलं होतं."

 एका मार्कानं!  विजयश्रीनं हात पुढं करून उत्तरपत्रिका मागितली आणि उभ्या उभ्या एकेक पान बघायला लागली. माल नापास झाला तर तिला आधी तो हातात घेऊन बघायची सवय होती, रडायचं ते नंतर. पानांवर मॅडमच्या लाल खुणा होत्या. फरक दोन रकान्यांत एकापुढं एक मांडलेले. कारणं क्रमानं. आणि तिसऱ्या पानावर तीन मार्कांचा एक प्रश्न संपूर्ण कोरा.

"हे का सोडलंस?"

"ध्वनीचा वेग काढायचा होता," दिव्या पुटपुटली. "अंतर दिलंय, फ्रिक्वेन्सी दिलीय. पण अंतर कशापासून कशापर्यंतचं ते कळलं नाही. तो शब्द यादीत आहे, पण आपण तिथवर पोचलोच नव्हतो."

विजयश्रीनं प्रश्नपत्रिका घेतली. इंग्रजी ओळ तिनं बोट ठेवून सावकाश वाचली. ध्वनिलहरीतल्या दोन कन्सेक्यूटिव्ह काँप्रेशन्समधलं, म्हणजे हवा दाटून येते त्या जागांमधलं, अंतर अर्धा मीटर. फ्रिक्वेन्सी सहाशे ऐंशी. कन्सेक्यूटिव्ह. तिच्या इन्स्पेक्शन टेबलासमोर अकरा वर्षं एक पाटी होती: तीन कन्सेक्यूटिव्ह रिजेक्शन आले की मशीन बंद करा. तिनं स्वतः कितीदा मशीन बंद करायला लावली होती.

"लागोपाठचे," ती म्हणाली. "एकामागं एक. मधी तिसरं काहीच नाही."

दिव्यानं मान वर केली. "म्हणजे एक काँप्रेशन आणि त्याच्या लगेच पुढचं? मग ती वेव्हलेंथच झाली की, तरंगलांबी!" तिनं टेबलाच्या कडेवर बोटानं तरंगलांबी आणि फ्रिक्वेन्सीचा गुणाकार केला. "तीनशे चाळीस मीटर पर सेकंद. आणि हवेत ध्वनीचा वेग साधारण तेवढाच असतो, म्हणजे बरोबर आहे."

पूनम मॅडमनी सरांकडं पाहिलं. घेनंद सरांनी पेन उचललं, ठेवलं. "हे पेपरात लिहायला हवं होतं, बाळा."

"हो, सर," विजयश्री म्हणाली. "पेपरात चुकलं ते चुकलं. चौदाचे पंधरा करा म्हणायला मी आले नाही. पण दिवाळीच्या टायमाला हिला प्रश्न काय म्हणायलाय तेच कळत नव्हतं. आज पंचवीस मार्कांच्या पेपरात एकच प्रश्न कोरा राहिला, तोबी एका शब्दापायी. तो एक शब्द आज पक्का झाला. तुम्ही तुमच्या नियमानं करा, पण या कागदावर सही माझ्या हातनं होणार नाही."

 मग सरांनी विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालंय, ताई?"

हा प्रश्न तिला आजवर खूप जणांनी विचारला होता आणि ती दरवेळी "दहावी" म्हणून मोकळी व्हायची.

"अकरावी सायन्स. अर्धी."

"अर्धी का सोडली?"

दिव्या आईकडं बघायला लागली. तिला हे माहीतच नव्हतं.

"शब्द कळत नव्हते, सर. फळ्यावर काय लिहायलेत ते कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची. मला वाटलं, आपलं डोकंच कमी." विजयश्रीनं दिव्याकडं पाहिलं. "अठरा वर्षं तसंच वाटत होतं. हिला शिकवता शिकवता कळलं, डोकं कमी नव्हतं. कुणी सांगणारं नव्हतं."

दिव्यानं आईचा हात धरला. घेनंद सरांनी फॉर्म उचलला. तो टराटरा फाडला वगैरे काही नाही. शाळेतले कागद असे फाडत नाहीत. त्यांनी तो उलटा करून खणात टाकला आणि खण लावला.

"मॅडम," ते पूनम मॅडमना म्हणाले, "हिचं नाव सेमीत राहू दे."